वळणाची बाहेरची बाजू

शामराव गजभिये यांना दिल्लीत येऊन चोवीस वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची चार वर्षं ते दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी लोकांना 'नाही' म्हणायला गुडगावला जात होते.

एरवी ते सरकारी मोटार गॅरेजात फोरमन. खात्याच्या पांढऱ्या अँबॅसडर गाड्या, त्यांचे क्लच, त्यांचे ब्रेक आणि त्यांच्याबद्दल साहेब लोकांच्या तक्रारी, यात आठवडा जायचा. माणूस हिंगणघाटचा. वडील तिथल्या कापडगिरणीत. घरात शिकलेला हा पहिला, आयटीआय करून दिल्लीला आला आणि रामकृष्णपुरमच्या क्वार्टरमध्ये रुजला. बोलणं कमी. हातात पाना असला की तेवढंही नाही.

त्याच क्वार्टरमध्ये खालच्या मजल्यावर हणमंत जगदाळे राहायचा. कराडकडचा. त्याच गॅरेजातला ड्रायव्हर. वेगाचं वेड घेऊन जन्माला आला आणि नशिबाने एका जॉइंट सेक्रेटरीच्या गाडीवर बसला. साहेबांना मागे फाइल वाचायची असायची. चाळीसच्या वर काटा गेला की ते चष्म्यावरून आरशात बघायचे. हणमंत म्हणायचा, "शामराव, वीस वर्षं झाली, मी अजून चौथ्या गिअरचा आवाज ऐकला नाही."

गुडगावच्या शर्यतींचा पत्ता त्यानेच काढला. गॅरेजसाठी काही सामान आणायला करोल बागेत गेला होता, तिथे पार्टच्या दुकानात दोन पोरं एका मारुतीचा सायलेन्सर काढून टाकण्याच्या गोष्टी करत होती. हणमंतने विचारलं, कशाला काढता? तर म्हणाली, रविवारी रेस आहे. त्या रविवारी सकाळी तो शामरावांच्या दारात उभा. "चल. बघून तर येऊ."

ते चौऱ्याण्णव साल होतं. गुडगावला तेव्हा सेक्टरांच्या पाट्या लागल्या होत्या, पण घरं आली नव्हती. मोहरीच्या शेतांच्या मधोमध डांबराचे रुंद रस्ते निघायचे आणि कुठेही न पोहोचता संपायचे. अशाच एका मोकळ्या जमिनीवर चुन्याच्या फक्कीने वळणं आखली होती, कडेला जुने टायर मांडले होते, दोरी बांधली होती. तीसेक गाड्या. एकेक गाडी एकटी सुटायची, सगळी वळणं घेऊन यायची, आणि ज्याचा वेळ सगळ्यांत कमी तो जिंकायचा. चालवणारे कोण, तर कपड्याच्या व्यापाऱ्यांची मुलं, नव्याने आलेल्या परदेशी कंपन्यांतले तरुण साहेब, एक दातांचा डॉक्टर. बायकांनी डब्यांतून पराठे आणले होते, घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, मुलं धुळीत खेळत होती. बाजारात नव्या गाड्या आल्या होत्या, नोकऱ्या आल्या होत्या. तीस वर्षांची माणसं पहिल्यांदाच आपल्या मालकीचं काहीतरी जोरात पळवून बघत होती.

हणमंत दोरीपाशी गेला तो तिथलाच झाला. शामराव उभ्या असलेल्या गाड्यांची बॉनेटं बघत हिंडले. एका मारुतीत त्यांना बॅटरी सुतळीने बांधलेली दिसली.

"ये बैटरी उड़ेगी," ते मालकाला म्हणाले.

"किसने कहा?"

"मैं कह रहा हूँ. फाडकर बाहर आएगी, आग लगेगी. मत चलाइए."

मालकाने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. साधी पँट, पायात चपला. तो काही बोलणार, इतक्यात शर्यती भरवणाऱ्या क्लबचा सेक्रेटरी दिलीप सभरवाल मागून आला. भला माणूस, पण घाईचा. त्याने वाकून बॅटरी बघितली, शामरावांकडे बघितलं, आणि विचारलं, "आप अगली बार आ सकते हैं?"

असे ते स्क्रुटिनियर झाले. शर्यतीआधी प्रत्येक गाडी तपासायची आणि ठीक असेल तर फॉर्मवर सही करायची. सही नाही तर गाडी सुटणार नाही. दिलीपने कुठूनतरी नियमांचं पुस्तक आणून दिलं. शामरावांनी ते रात्री गॅरेजच्या मॅन्युअलसारखं वाचून काढलं. अॅक्सिलरेटरला एक स्प्रिंग तुटली तर दुसरी हवी. हेल्मेटला चीर असेल तर ते हेल्मेट बाद. पट्ट्याचे बोल्ट सीटला नकोत, गाडीच्या अंगाला हवेत. आणि रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणून आत बसवलेला लोखंडी पाइपांचा पिंजरा. त्यासाठी शामरावांनी हाताने फिरवायचं एक छोटं ड्रिल ठेवलं होतं. पाइपला बारीकसं भोक पाडायचं, आत तार घालून जाडी मोजायची. रंगावरून पाइप कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पहिले काही महिने त्यांना लोक 'मिस्त्री जी' म्हणत. मग 'राव साहब' म्हणू लागले. ज्यांच्या वडिलांना गिरणीत कधी कोणी काही विचारून केलं नव्हतं, त्यांच्या सहीवाचून आता लाखांच्या गाड्या अडून राहत होत्या. शामरावांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. पण बायकोला, कौसल्याबाईंना, कळत होतं, कारण रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट मागायचे. त्या स्वतः एकदाच आल्या मैदानावर. दिवसभर डोक्यावर पदर घेऊन धुळीत बसल्या, संध्याकाळी म्हणाल्या, "तुम्हाला लागतं तर जा. मला नका नेऊ." नंतर दर वेळी डबा मात्र दोघांचा द्यायच्या, यांचा आणि हणमंतचा.

हणमंत मार्शल झाला. नारिंगी जॅकेट, हातात झेंडा. गाडी अडकली, उलटी झाली की पिवळा झेंडा दाखवून पुढची गाडी थांबवायची, हे त्याचं काम. स्वतःला कधी गाडी चालवायला मिळणार नाही, हे त्याने मनाशी मिटवून टाकलं होतं. मात्र सगळ्यांत अवघड वळण तो मागून घ्यायचा. तिथे गाड्या आडव्या होऊन येतात, खडी उडून पायावर बसते, ते त्याला आवडायचं. सोमवारी गॅरेजात पँटची मोहरी वर करून तो लाल ठिपके दाखवायचा.

वर्षं अशी गेली, आणि शामराव थकत गेले. कामाने नाही, 'नाही' म्हणण्याने. एका रविवारी चाळीस गाड्या, त्यातल्या दहाबारा तरी परत पाठवायच्या. प्रत्येक माणूस वेगळी विनवणी घेऊन यायचा. कोणी म्हणायचा, राव साहब, बस आज. कोणी आईला शर्यत बघायला आणलेलं असायचं. कोणी चिडायचा, कोणी हसून खांद्यावर हात टाकायचा, कोणी 'आप मालिक हैं' म्हणून पायांकडे वाकायचा. ते वाकणं शामरावांना सगळ्यांत नकोसं व्हायचं. आणि 'नाही' म्हटलेल्या गाडीचं पुढे काय झालं असतं, हे कधीच कळायचं नाही. ती घरी जायची. म्हणजे शामराव बरोबर होते याचा पुरावा कधी मिळायचाच नाही. मिळाला तर फक्त ते चूक असल्याचा मिळणार होता.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीतली शेवटची फेरी. वर्षाचे गुण त्या दिवशी पक्के होणार होते, आणि खुल्या गटात सगळ्यांच्या पुढे होती रसिका देवधर. पुण्याची मुलगी, सत्ताविशीची, गुडगावच्या एका कंपनीत कामाला. सुरुवातीला बायकांच्या गटात आली, मग म्हणाली, घड्याळाला काय कळतंय आत कोण बसलंय. शामरावांना ती आवडायची. मैदानावर त्यांच्याशी मराठीत बोलणारे दोघंच, हणमंत आणि ती. ती त्यांना काका म्हणायची, आणि गाडीखाली शिरायला तिला कधी लाज वाटली नाही.

त्या दिवशी तिच्या मारुतीत नवा पिंजरा होता. चकचकीत काळा. शामरावांनी ड्रिल काढलं, भोक पाडलं, तार घातली. पुन्हा घातली. मग बाजूला बसकण मारली.

"रसिका, हा पाइप कुठला?"

"करोल बागेत एकाकडून घेतला. तो म्हणाला, सगळे हाच घेतात."

"खुर्च्यांना घेतात. हा फर्निचरचा पाइप आहे. जुना पिंजरा काहून काढला?"

"वजन, काका. बारा किलो कमी झालं."

"गाडी उलटली तर हा काडेपेटीसारखा बसेल."

"माझी गाडी उलटलीये कधी?"

"नाही उलटली."

"मग? काका, शेवटची फेरी आहे. तीन मिनिटांचं काम आहे. जीव माझा आहे ना? मी लिहून देते."

"लिहून तर सगळ्यांनीच दिलंय," शामराव म्हणाले. "फॉर्मच्या मागे छापलंय ते."

तिने आधी समजावलं, मग विनवलं, मग तिचा आवाज चढला. भोवती माणसं जमली. दिलीप सभरवाल धावत आला. "राव साहब, लड़की लीड कर रही है. अखबारवाले आए हुए हैं."

शामरावांनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं. "तो आप साइन कर दीजिए."

दिलीपने पेन घेतलं नाही. रसिकाने हेल्मेट सीटवर फेकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्हाला ना काका, मुलगी जिंकलेली बघवत नाही. एवढंच आहे ते."

शामरावांची मुलगी श्रावस्ती त्या वर्षी इंजिनिअरिंगला होती. तिच्या प्रवेशासाठी त्यांनी किती ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, हे रसिकाला कुठून माहीत असणार? त्यांनी फॉर्मवर काट मारली आणि पुढची गाडी घेतली. अजून एकवीस गाड्या उरल्या होत्या. त्यातल्या पाच त्यांनी परत पाठवल्या.

बारा वाजता तपासणी संपली. कोणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची दिली, चहा दिला. ते चौथ्या वळणाच्या अलीकडे दोरीपासून लांब बसले. समोर साठेक पावलांवर हणमंत होता.

हणमंत वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभा होता, दोरीच्या आत.

मार्शलची जागा आतल्या बाजूला, फक्कीचा गोल काढून दाखवलेली. गाडीचा तोल गेला तर ती बाहेर फेकली जाते, आत कधीच येत नाही. हे हणमंतला सांगायची गरज नव्हती, पंचवीस वर्षं तो ड्रायव्हर होता. पण आतून गाडीचा नुसता मागचा भाग दिसतो आणि धूळ. बाहेरून ती समोरून येताना दिसते, चालवणाऱ्याचा चेहरासुद्धा दिसतो. शामरावांनी त्याला कितीदा तिथून हाकललं होतं. हणमंत दर वेळी हसत, हात जोडत आत जायचा आणि दोन गाड्यांनी परत बाहेर यायचा.

शामरावांनी हात वर केला. अर्धा. सकाळपासून सतरा माणसांना ते नाही म्हणाले होते. घसा कोरडा पडला होता, आणि रसिकाचं वाक्य अजून अंगावर होतं. हणमंतने या बाजूला बघितलंच नाही. शामरावांनी हात खाली घेतला. राहू दे, त्यांना वाटलं. एक दिवस एका माणसाला तरी काही म्हणायला नको. त्यांनी चहा प्यायला.

त्यानंतरची चौथी गाडी सिद्धांत नावाच्या मुंबईच्या तरुणाची होती. बँकेत होता. जिप्सी. चांगली गाडी, सकाळी शामरावांनीच तपासली होती, एकही खोट नव्हती. आधीच्या गाड्यांनी वळणावरची माती उकरून खोल चर पाडला होता. जिप्सीचं पुढचं चाक त्यात उतरलं, अडकलं, आणि मागचा सगळा वेग तिला उचलून वर घेऊन गेला. ती अडीच वेळा उलटली. दोरी काडीसारखी तुटली. दोरीबाहेरची माणसं मागे पळाली. हणमंत बाजूला पळाला, आणि गाडी त्याच बाजूला आली.

शामराव पोहोचले तेव्हा जिप्सी उताणी होती, चाकं फिरत होती. सिद्धांत पट्ट्यांवर उलटा लोंबकळत होता. पिंजरा जिथल्या तिथे, एक पाइप वाकला नव्हता. त्याला ओरखडाही नव्हता. भांबावून तो विचारत होता, "टाइम काय आला? टाइम काय आला?"

हणमंत दोन हात पलीकडे पडला होता. रक्त फारसं नव्हतं. क्लबची व्हॅन होती, तिच्यात त्याला घातलं. शामरावांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. रस्ता अर्धाच बांधलेला, गिट्टीचे ढीग मध्येच. व्हॅन वळसे घेत राहिली. हणमंतने एकदा डोळे उघडले, शामरावांकडे बघितलं. हॉस्पिटल येण्याआधीच तो गेला.

हणमंतच्या बायकोला, सुमित्रावहिनींना, सांगायला शामराव आणि कौसल्याबाई जिना उतरून खाली गेले. त्या दोघांना एकत्र दारात बघताच वहिनींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. शामरावांना पुढचं काही आठवत नाही.

क्लबने चौकशी केली. एका सदस्याच्या ऑफिसात, एसी लावलेल्या खोलीत चारपाच जण बसले. शामरावांचा सिद्धांतच्या गाडीचा फॉर्म सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. प्रत्येक रकाना भरलेला. गाडीत काही दोष नव्हता, चालवणाऱ्याची चूक नव्हती, मार्शल ठरलेल्या जागी उभा नव्हता. दिलीप सभरवालने शामरावांचा हात दाबला. "राव साहब, आपके काम की वजह से एक लड़का ज़िंदा है. आपकी कोई गलती नहीं."

नंतर जो भेटेल तो हेच म्हणायचा. तुमची काही चूक नाही. गॅरेजात, क्वार्टरमध्ये, फोनवर. शामराव मान हलवायचे. त्या अर्ध्यावर गेलेल्या हाताबद्दल कोणालाच माहीत नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

दीड महिन्याने, एका दुपारी, ते अर्धी रजा टाकून घरी आले आणि वर न जाता खालच्या दारावर थांबले. सुमित्रावहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी बसायला सांगितलं.

"वहिनी, मी त्याला बघितलं होतं."

"कधी?"

"आधी. गाडी यायच्या आधी. तो भलत्या बाजूला उभा होता. मी हाक मारली असती तर हलला असता."

"मग मारली का नाही?"

शामरावांनी शब्द शोधला. दुसरा सापडला नाही. "कंटाळलो होतो."

वहिनी मेथी निवडत राहिल्या. एक जुडी संपली. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे तुम्ही मला कशाला सांगितलंत? तुम्हाला हलकं वाटलं असेल. मी आता हे कुठं ठेवू?"

शामराव उठले. त्यानंतर सव्वा वर्ष वहिनी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. जिना एकच होता. त्या वर येत असल्या आणि हे खाली जात असले की त्या भिंतीकडे तोंड करून थांबायच्या. खात्याने त्यांना हणमंतच्या जागी नोकरीत घेतलं, फाइली इकडून तिकडे न्यायचं काम. त्या रोज सकाळी साडेनऊला बाहेर पडायच्या. शामराव नऊलाच निघू लागले.

शर्यतींना जाणं त्यांनी सोडलं होतं. रविवारी घरात बसायचे. मुलगा सुगत टीव्ही लावायचा, ते त्याच्यासमोर बसायचे, बघायचे नाहीत. पावसाळ्यानंतर दिलीप घरी आला. नवा स्क्रुटिनियर मिळत नव्हता, मिळाला तो सगळ्यांनाच पास करत होता. कौसल्याबाईंनी चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातून ऐकत राहिल्या. त्यांना वाटलं, आता हे नाही म्हणतील.

शामराव म्हणाले, "आऊँगा. लेकिन पहले मैदान, बाद में गाड़ी. मैं पूरा चक्कर पैदल देखूँगा. बाहर की तरफ एक भी आदमी दिखा, तो एक भी फॉर्म साइन नहीं होगा."

"मंज़ूर."

"आपका भाई हो तो भी."

"मंज़ूर, राव साहब."

दिलीप गेल्यावर कौसल्याबाई बाहेर आल्या. "परत कशाला?"

"तिथं उभं राहायचं नाही, हे कोणीतरी सांगायला पाहिजे ना."

"दुसरं कोणीच नाही?"

"असेल," शामराव म्हणाले. "पण त्याचाही एक दिवस घसा बसेल."

मग ते पुन्हा जाऊ लागले. आता सकाळी सहाला, गाड्या येण्याआधी. हातात काठी, डोक्याला रुमाल, पूर्ण मैदान एकदा उलटं आणि एकदा सुलटं चालायचे. दोरी मागे सरकवायला लावायचे. चर बुजवायला लावायचे. शर्यत चालू असताना खुर्चीवर बसायचे नाहीत. लोक आता जास्त वैतागायचे, कारण पूर्वी फक्त चालवणाऱ्यांना नाही ऐकावं लागायचं, आता बघणाऱ्यांनाही. पोरं मागून नकला करायची. 'बाहर नहीं, बाहर नहीं.' शामराव ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांना बरं वाटत होतं असं नाही. रात्री पाय सुजायचे, कौसल्याबाई गरम पाण्याची बादली द्यायच्या.

पहिल्याच फेरीला रसिका आली. गाडीत नवा पिंजरा, जाड पाइपचा. ती दारापाशी हाताची घडी घालून उभी राहिली. शामरावांनी भोक पाडलं, तार घातली, सही केली. रसिकाने फॉर्म घेतला आणि हेल्मेट चढवलं. पुढे ती आणखी चार वर्षं चालवत होती, दोनदा पहिली आली. तिची गाडी एकदाही उलटली नाही. पिंजऱ्याची परीक्षा कधी झालीच नाही, ना जाड पाइपच्या, ना पातळ पाइपच्या. बेंगलोरला बदली झाली तेव्हा ती निरोप घ्यायला आली आणि म्हणाली, "काका, त्या दिवशी मी जे बोलले..."

"कुठल्या दिवशी?" शामरावांनी विचारलं. त्यांना तो दिवस मिनिटामिनिटाने पाठ होता. तिने वाकून नमस्कार केला आणि ती गेली. सिद्धांतने मात्र पुन्हा कधी शर्यतीच्या गाडीत पाय ठेवला नाही. तो मुंबईला परत गेल्याचं कळलं.

वहिनींचं बोलणं सुरू झालं ते कौसल्याबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी. शामराव हॉस्पिटलमधून कपडे न्यायला आले, तर वहिनी ताट घेऊन दारात. "जेवून घ्या, भाऊजी," एवढंच. भाकरी होती, वांग्याची भाजी होती. ते जेवले. त्यानंतर त्या बोलू लागल्या, पूर्वीसारखं नाही, पण बोलू लागल्या.

दोन हजार पाचमध्ये शामराव रिटायर झाले. गाझियाबादला, वैशालीत, फ्लॅट घेतला होता, तिकडे गेले. पुढल्या वर्षी वहिनींनी ठरवलं की क्वार्टर सोडून कराडला जायचं, लेक साताऱ्याला दिली होती, तिच्याजवळ. जायच्या आठवडाभर आधी त्यांचा फोन आला.

"भाऊजी, मला ती जागा दाखवाल?"

"वहिनी, तिथं आता काही नाही."

"नसू दे."

धौला कुआँहून दोघं बसने गेले. मैदान तीन वर्षांपूर्वीच गेलं होतं, शर्यती सोहन्याच्या बाजूला सरकल्या होत्या. शामराव बसमधून उतरले आणि त्यांना दिशाच कळेना. शेतं नव्हती. जो रस्ता पूर्वी कुठेच पोहोचत नव्हता तो सरळ पुढे जाऊन एका चौकाला मिळाला होता. विचारत विचारत ते एका सोसायटीच्या फाटकाशी आले. आठ टॉवर, प्रत्येकी चौदा मजले. गार्ड पुढे आला. "किससे मिलना है?"

वहिनी म्हणाल्या, "किसी से नहीं. देखना है."

गार्डला काय वाटलं कोण जाणे, म्हातारी माणसं बघून त्याने पाच मिनिटं आत सोडलं. हिरवळ होती, घसरगुंडी होती, मोटारी खाली तळघरात उभ्या राहत होत्या. वहिनी थांबल्या. "कुठं?"

शामरावांनी चारी बाजूंनी बघितलं. सूर्य कुठे असायचा ते आठवलं, दूरची टेकडी शोधली, ती टॉवरांमागे गेली होती. वाटेल तिथे बोट दाखवता आलं असतं. वहिनींना पटलंही असतं.

"नाही सांगता येत वहिनी. इथंच कुठंतरी. जमीनच खोदून काढलीये त्यांनी."

वहिनींनी मान हलवली. त्या एका बाकावर थोडा वेळ बसल्या. एक बाई मुलाला झोका देत होती, तिच्याकडे बघत राहिल्या. मग गार्डकडून पाणी मागून प्यायल्या आणि दोघं परतीच्या बसमध्ये बसले.

महिपालपूरपाशी बस अडकली. नवा रस्ता बांधायचं काम चाललं होतं, सगळीकडे खांब आणि पत्रे. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. अचानक म्हणाल्या, "ते चांगले होते का हो त्या कामात? मला कायम वाटायचं, उगाच रविवार घालवतात. खरं सांगा."

शामरावांनी विचार केला. "झेंडा दाखवण्यात त्याच्यासारखा कोणी नव्हता. गाडी अडकायच्या आधीच त्याला कळायचं. किती तरी जण त्याच्यामुळे वाचले असतील." मग म्हणाले, "उभं कुठं राहायचं, तेवढं कळत नव्हतं."

वहिनींच्या तोंडून एकदम हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "घरीसुद्धा तसंच," त्या म्हणाल्या. "दारात मधोमध उभे राहायचे. आत येणाऱ्याला वाट नाही, बाहेर जाणाऱ्याला नाही. किती वेळा सांगितलं असेल मी."

"ऐकायचा?"

"हसायचे. आणि परत तिथंच."

पुढचा ट्रक हलला. बस गचके खात धौला कुआँकडे सरकली.